इथं तर सगळं चालू आहे!

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, गोंदियात किंवा गोंदियासारख्या कुठल्याही गावात मोटारदुरुस्तीच्या दुकानांसमोर तासभर उभे राहा. एक वाक्य तुम्हांला हमखास ऐकू येईल: "इथं तर सगळं चालू आहे!" बोलणारा मिस्त्री असतो आणि समोर ओशाळलेला ड्रायव्हर. रस्त्यात तीनदा गेलेला दिवा दुकानात मात्र लख्ख पेटलेला असतो. हॉर्न वाजतो, वायपर फिरतो, इंडिकेटर लुकलुकतो. पुराव्याअभावी ड्रायव्हरच खोटा ठरतो.

मोटारीच्या विजेचं काम शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून झालेलं मत आधीच सांगून टाकतो. कायमचा तुटलेला वायर शोधणं हे काम, पण येणारा-जाणारा बिघाड शोधणं ही चौकशी. आणि चौकशी म्हटली की कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न आलाच. आज बोलायचं आहे ते या चौकशीच्या इतिहासाबद्दल.

हा इतिहास मोटारीपेक्षा जुना आहे. जर्मनीतला पहिला वाफेचा लोहमार्ग न्यूरेंबर्ग ते फ्यूर्थ असा १८३५ मध्ये सुरू झाला. १८३८ मध्ये म्युनिकच्या श्टाइनहाइल नावाच्या प्राध्यापकांनी तिथं एक प्रयोग केला. तारायंत्राला जायला एक आणि यायला एक अशा दोन तारा लागतात, तर त्यांच्या जागी दोन रूळच का वापरू नयेत, असा त्यांचा विचार. प्रयोग फसला, कारण वीज एका रुळातून जमिनीत उतरून दुसऱ्या रुळात जात होती. पण त्या फसण्यातूनच त्यांना उमगलं, की जमीनच परतीची तार होऊ शकते! अर्धी तार वाचली. पुढं जगभरचं तारायंत्र याच युक्तीवर पसरलं. आपल्याकडे कलकत्त्यात डॉक्टर ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये प्रयोग केले आणि १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार टाकली.

आपल्या गोंदियाचं नशीबही रुळांशी बांधलेलं. नागपूरहून छत्तीसगडकडे गेलेला मीटरगेज मार्ग १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनं घेतला आणि रुंद केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून सातपुड्यात शिरणारी छोटी गाडीही सुरू झाली. रूळ तिथं तारेचे खांब आणि खांब तिथं लाइनमन. पावसात चिनी मातीची भांडी भिजली की वीज खांबावरून गळायची आणि ऊन पडलं की तार पुन्हा ठणठणीत. वाऱ्यानं दोन तारा एकमेकींना लागायच्या नि सुटायच्या. अशा वेळी तारबाबू मधल्या एखाद्या स्टेशनला विचारायचा, "तुमच्यापर्यंत नीट येतंय का?" येत असेल तर दोष पलीकडच्या अर्ध्यात, नसेल तर अलीकडच्या. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. शंभर मैलांची तार अशी सात वेळा अर्धी केली, की मैलाच्या आत येतो आपण. आजचा मोटार-इलेक्ट्रिशियन गाडीच्या मधल्याच जोडावर दिवा लावून बघतो तेव्हा तो हेच करत असतो. तारबाबूचं नाव त्याच्या कानावर गेलेलं नसतं, एवढंच.

सुरुवातीच्या मोटारीत वीज होती ती ठिणगीपुरती. दिवे तेलाचे किंवा कार्बाइडचे. वरातीतली कार्बाइडची बत्ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना तो वास आठवेल. फोर्डच्या प्रसिद्ध 'मॉडेल टी'ला १९१५ पासून विजेचे दिवे आले, तेही थेट मॅग्नेटोवर चालणारे. इंजिन जोरात तर उजेड जोरात, चढावर गाडी मंदावली की उजेडही मंद. म्हणजे गरज जास्त तेव्हा उजेड कमी! खरा पालट १९१२ मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीनं केला होता. चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेचा सेल्फ-स्टार्टर तिच्यात बसला. हँडल मारायचं संपलं, पण त्या स्टार्टरपायी गाडीत दमदार बॅटरी आणि ती भरणारा डायनेमो कायमचा राहायला आला. वीज घरात आलीच आहे, तर मग दिवे, हॉर्न, वायपर, पंखा, रेडिओ हे पाहुणे एकामागून एक येत गेले.

मोटार बनवणाऱ्यांनी इथं तारायंत्राचीच काटकसर उचलली. प्रत्येक दिव्याला एकच वायर द्यायचा, परतीचा रस्ता म्हणून गाडीचा पत्रा. ही जागा मी विद्यार्थ्यांना नेहमी सावकाश सांगत असे. गाडीच्या प्रत्येक विद्युतमार्गाचा अर्धा भाग वायर नसतोच. तो पत्रा असतो, नट-बोल्ट असतो, बिजागरी असते. तेव्हा पत्र्याला गंज चढला की तो विजेचा बिघाड झाला. डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं हौसेनं बोल्टाखालीही रंग मारला, तर तोही विजेचा बिघाड. गाडी चकचकीत होऊन आली आणि दुसऱ्या दिवसापासून ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायला लागला, असं तुम्ही पाहिलं असेल. वीज बिचारी आपली वाट सापडेना म्हणून शेजारच्या दिव्यातून परत जात असते. अर्थच्या बोल्टाखाली दातेरी वायसर असतो तो यासाठीच. त्याचे दात रंग फोडून पत्र्यात रुततात. घाईत तो वायसर हरवतो आणि साधा लावला जातो, मग पुढच्या पावसाळ्यात गिऱ्हाईक हजर.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं विकायला काढलेल्या जीपा देशभर पसरल्या. युद्धातली विलीस जीप सहा व्होल्टची होती. सहा आणि बारा व्होल्टांतला फरक इथं समजून घ्यायला हवा. सारख्याच ताकदीच्या दिव्याला सहा व्होल्टवर दुप्पट करंट लागतो. त्यामुळं जोडावर तेवढाच गंज असला, तरी त्याचा परिणाम बारा व्होल्टच्या मानानं चौपट होतो. सहा व्होल्टची गाडी जंगलातल्या रस्त्यावर चालवलेले जुने लोक तिच्या दिव्यांना 'काजवे' म्हणत. त्यात दिव्यांपेक्षा जोडांचा दोष अधिक होता. पुढं बारा व्होल्ट सगळीकडे रूढ झाले, तरी हिशेब सुटला नाही. पंचावन्न वॅटच्या हेडलाइटच्या वाटेत अर्ध्या ओहमचा कुजका जोड आला, तर सुमारे दोन व्होल्ट तिथंच खर्ची पडतात आणि उजेड जवळजवळ अर्ध्यावर येतो. दिवा गेला असं कोणी म्हणत नाही. "आजकाल कमी दिसतं," म्हणतात आणि चष्मा बदलून येतात.

तारांच्या वेष्टनाचाही स्वतंत्र इतिहास आहे. आधी रबर आणि त्यावर विणलेलं सूत. रबर उन्हानं तडकायचं, सूत पाणी धरायचं. महायुद्धानंतर प्लॅस्टिकचं वेष्टन आलं. ते पाण्याला दाद देत नाही, पण इंजिनाजवळच्या उष्णतेत कडक होऊन मोडतं. आणि रंगांची भाषा! ब्रिटिश पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे थेट बॅटरीकडून आलेला, पांढरा चावीनंतरचा, हिरवा फ्यूजनंतरचा, निळा हेडलाइटचा, लाल मागच्या दिव्यांचा, काळा अर्थचा. १९५७ पासून २०१४ पर्यंत बनलेली अ‍ॅम्बेसिडर मूळची मॉरिस घराण्यातली, त्यामुळं आपल्याकडच्या जुन्या मिस्त्र्यांना ही भाषा तोंडपाठ. इंग्लंडात लुकास कंपनीच्या विजेच्या सामानावरून विनोद होते, तिथले लोक तिला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत. माझ्या मते हा अन्याय होता. दमट हवेच्या देशात सुती वेष्टनाचे वायर आणि पत्र्यातून परतीची वाट दिली, तर कोणताही राजपुत्र अंधारातच बसेल.

आपल्याकडे ही रंगांची भाषा बिघडली ती ट्रकांमुळं. ट्रकाची चेसिस कारखान्यातून यायची, केबिन आणि बॉडी बाहेर बांधली जायची. बॉडी बांधणारा स्वस्तात मिळेल त्या रंगाच्या वायरचं भेंडोळं आणायचा आणि सगळी गाडी एकाच रंगात ओढायचा. सगळे वायर लाल! मग काळ्या-पिवळ्या प्रवासी गाड्यांचा काळ आला. मालकाची हौस म्हणून टेप, चार स्पीकर, देवाच्या फोटोपुढचा लुकलुकणारा दिवा, दोन आवाजांचा हॉर्न. प्रत्येक वस्तूसाठी जवळचा वायर सोलायचा, दुसरा त्याला पिळायचा, वर काळी टेप. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो नि पावसाळ्यात आत पाणी शिरतं.

आणि पाणी तर आपल्याकडे कमी नाही. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस, हिवाळ्यात तलावाकाठचं धुकं, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या घरातली झळ. तांब्याचा वायर आणि पितळेची थिंबल या ओढाताणीत सैल होतात. शिवाय राईस मिल तिथं उंदीर. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. मिलच्या आवारात रात्रभर उभ्या असलेल्या ट्रकाच्या गालिच्याखाली त्याला ऊबही मिळते आणि वायरही. तो वायर पुरता तोडत नाही, ही खरी पंचाईत. वेष्टन खाऊन तांबं उघडं करतो. मग शेजारी माणूस बसला की तांबं पत्र्याला लागतं आणि उठला की सुटतं.

आता एक घडलेली गोष्ट. साल १९८६, गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. डिझेलवर चालणारी एक प्रवासी गाडी, कोहमाऱ्याकडून गोंदियाला येणारी. रात्री जंगलातल्या वळणावर तिचे दिवे दोन-तीन सेकंद जायचे आणि आपोआप यायचे. आत दहा-बारा माणसं. एकदा गाडी रस्ता सोडून धुऱ्यावर गेली, थोडक्यात निभावलं. एका दुकानात दिव्याचं बटण बदललं, दुसऱ्या दुकानात बल्ब आणि होल्डर. दोन्हीकडे तेच वाक्य, "इथं तर सगळं चालू आहे." मालकाचा समज झाला, की पोराला डुलकी लागते आणि तो दिव्यांवर ढकलतो. दोन दिवसांचा रोज कापला आणि गाडीवरून उतरवला. तो पोरगा आमच्या ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रीकडे आला. मी तिथंच होतो. मिस्त्रीनं पाना हातात घेतलाच नाही. विडी पेटवली आणि विचारायला सुरुवात केली.

"कोनत्या वळनावर जाते?"

"डाव्या हाताच्या जी. उजव्याले नाही जात."

"गाडी भरली असली की रिकामी?"

"भरली असली तरच."

"आन् दिवे गेले तवा तू हॉर्न दाबला का?"

पोरगा क्षणभर थांबला. "दाबला होता जी. माणसं आडवी येतीन म्हनून. वाजला नाही."

"इंजन बंद पडलं का?"

"नाही जी. इंजन चालूच."

मिस्त्री उठला. हॉर्न आणि दिवे यांचे रस्ते वेगळे, बटणं वेगळी. दोन्ही एकाच क्षणी मेले, तर दोष बटणात नाही, बल्बात तर नाहीच. दोघांना जिथून वीज वाटली जाते त्याच्याही आधी कुठंतरी आहे. इंजिन पेट्रोलचं असतं तर ठिणगी मेली असती, इंजिन बंद पडलं असतं आणि सगळं कोणाच्याही लक्षात आलं असतं. डिझेल इंजिनाला चालत राहायला तेव्हा वीज लागत नसे. म्हणून गाडीची सगळी वीज जात होती आणि दिसत होते फक्त दिवे.

डॅशबोर्डच्या मागं हात घालून त्यानं अ‍ॅमीटरचे दोन नट चाचपले. एक बोटानं फिरला. त्याखालची थिंबल मानेशी चिरलेली. जुन्या गाड्यांत स्टार्टरचा सोडून बाकी सारा करंट या अ‍ॅमीटरमधून जाई. गाडी भरून डावीकडे वळली की मागचा तारांचा जाड झुबका उजवीकडे ओढला जायचा आणि चिरलेली थिंबल सुटायची. गाडी सरळ झाली की टेकायची. दुकानासमोर गाडी उभी आणि रिकामी, मग कोणाला काय दिसणार? नवी थिंबल, कथलानं झाळून, नटाखाली स्प्रिंग वायसर. काम दहा मिनिटांचं. मालकानं पोराला परत गाडीवर घेतलं. कापलेले पैसे मात्र दिले नाहीत.

अ‍ॅमीटर हा खरं तर पहिला साक्षीदार. मिस्त्री हजर नसताना गाडीत काय चाललंय ते ड्रायव्हरला दिसावं, म्हणून तो डॅशबोर्डवर बसवलेला. कुठं शॉर्ट झालं की काटा धाडकन खाली जायचा. नंतर खर्च वाचवायला त्याच्या जागी चार्जिंगचा लाल दिवा आला. तो फक्त हो किंवा नाही सांगतो. काट्याचं बारीकसं थरथरणं गेलं आणि त्याबरोबर बरीचशी माहितीही गेली.

मिस्त्री लोकांनी मग स्वतःचे साक्षीदार तयार केले. त्यांतला सगळ्यांत हुशार मला वाटतो तो फ्यूजच्या जागी लावलेला बल्ब. मधूनच फ्यूज उडणारी गाडी आली, की नवे फ्यूज जाळत बसायचं नाही. दिवे, पंखे बंद ठेवून फ्यूजच्या दोन टोकांत हेडलाइटचा एक जुना बल्ब जोडायचा. पुढं शॉर्ट असेल तर तो भक्कन पेटतो, पण करंटही तोच अडवून धरतो, त्यामुळं वायर जळत नाही. मग एकानं बल्बकडे बघत बसायचं आणि दुसऱ्यानं सीट उचलायची, दार उघडायचं, स्टिअरिंग फिरवायचं, तारांचा झुबका हातभर अंतरानं हलवत जायचं. बल्ब लुकलुकला की जागा सापडली. दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत, डिकीच्या वाकणाऱ्या तारांत आणि पत्र्याच्या भोकातला रबरी बुश गळून पडला असेल तिथं, पहिल्यांदा बघायचं. निम्मे दोष इथंच सापडतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट डिजिटल मीटरची. नव्या पोरांचा त्यावर फार विश्वास. पण वीस काड्यांच्या वायरमधल्या एकोणीस तुटल्या आणि एक राहिली, तरी मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. त्याच टोकाला मोठा बल्ब लावा, तो मिणमिणेल. म्हणून दिवा चालू ठेवून, भार असताना मोजायचं. वायरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती व्होल्ट गळतात ते पाहायचं. अर्ध्या व्होल्टहून जास्त गळत असतील तर थांबायचं, पुढं जायचं नाही. आता इथं एक इशारा द्यायलाच हवा. आजच्या गाड्यांत पिवळ्या वेष्टनातल्या तारा एअरबॅगच्या असतात. तिथं टेस्ट लॅम्प लावणं म्हणजे फटाक्याला उदबत्ती लावणं. कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या नाजूक तारांनाही तो बल्ब चालत नाही, तिथं मीटरच हवा.

हो, कॉम्प्युटर. प्रत्येक दिव्याला वेगळा वायर ओढता ओढता गाडीतल्या तारांचं ओझं इतकं वाढलं, की बॉश कंपनीनं १९८६ मध्ये दुसरीच तऱ्हा मांडली. दोन पिळलेल्या तारांवरून सगळ्या कॉम्प्युटरांनी आळीपाळीनं निरोप पाठवायचे. त्यालाच कॅन म्हणतात. म्हणजे मोटारीत पुन्हा तारायंत्र आलं! फक्त आता पत्र्यावर भरवसा नाही, दोन तारा आहेत. या दोन तारांच्या दोन टोकांना एकशेवीस ओहमचे अडथळे असतात. बॅटरी सोडवून मध्ये मोजलं तर साठ ओहम दिसायला हवेत. एकशेवीस दिसले, तर एका टोकाकडचा दुवा तुटला. अर्ध्यावर विचारण्याची तारबाबूची रीत इथं ओहमच्या आकड्यात उतरली आहे.

साक्षीदारही बदलला. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना स्वतःचे दोष नोंदवून ठेवण्याची सक्ती झाली. आपल्याकडे २०१० नंतर टप्प्याटप्प्यानं ही व्यवस्था आली. इंजिनाशी संबंधित दोष आला, की त्या क्षणी वेग किती होता, पाणी किती तापलं होतं, हे गाडी लिहून ठेवते. आज गोंदियातल्या साध्या दुकानातही स्कॅनर दिसतो. "इथं तर सगळं चालू आहे" म्हणणाऱ्यासमोर गाडीच म्हणते, "इथं आहे, काल नव्हतं." ड्रायव्हरची बाजू घेणारा साक्षीदार मिळाला, याचा मला आनंद आहे.

पण गाडी कोड सांगते, जागा सांगत नाही. एकाच वेळी पाच-सहा कॉम्प्युटरांनी 'व्होल्टेज कमी पडलं' अशी तक्रार नोंदवली, की काही दुकानांत महागड्या कॉम्प्युटरची किंमत विचारायला फोन जातो. पाच जण एकाच क्षणी आजारी कसे पडले, हे विचारायला सवड नसते. त्या डिझेल गाडीचा हॉर्न आणि दिवे एकदमच का गेले, हाच तो प्रश्न. अशा वेळी बॉनेट उघडावं, बॅटरीचा काळा जाड वायर पत्र्याला जिथं बोल्टानं धरला आहे तिथला बोल्ट सोडवावा, खालचा पत्रा पॉलिश पेपरनं पांढरा होईपर्यंत घासावा, दातेरी वायसर घालून कसून आवळावा. मग गाडीत माणसं बसवून ड्रायव्हर दाखवेल त्या वळणावर स्वतः जाऊन यावं.